मेल्विनाचा रकाना

मेल्विना टक आमच्या कॅपलिन टिकल गावची. आमच्या म्हणजे आता माझ्याही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या या टोकाला मी नवऱ्याच्या नोकरीपायी आले आणि इथलीच होऊन गेले. मेल्विनाच्या घरी जाताना दार वाजवायचं नसतं. दार वाजवतो तो परका. सरळ आत शिरायचं, बूट काढायचे, तोवर तिनं किटली ठेवलेली असते.

इथला मासळीचा कारखाना बंद पडला तेव्हा मेल्विना आणि तिच्या शेजारी उभं राहून मासे कापणाऱ्या तिघीजणी घरी बसल्या. कुणी टीव्हीपुढे, कुणी नुसतीच खिडकीपुढे. मेल्विनाला ते बघवेना. तिनं सगळ्यांना दलदलीत नेऊन पिवळी रानफळं वेचायला लावली, आणि चर्चच्या हॉलमध्ये मोठाली पातेली चढली. जॅमचा वास आणि चौघींची बडबड, दोन्ही रस्त्यापर्यंत यायचं. दर हंगामाची पहिली बरणी ती मला आणून देते. "तुझ्या देवापुढं ठेव," म्हणते. "आमच्या देवाला हॉलमधूनच वास जातो."

इंटरनेटवरचं दुकान तिच्या नवऱ्यानं, सेल्बीनं, थाटून दिलं. जन्मभर बोटीचं इंजिन सांभाळलेला माणूस. दुकान काय नि इंजिन काय, कान देऊन ऐकलं की दुखणं कळतं, असं त्याचं म्हणणं. मेल्विनानं त्यात एकच गोष्ट हट्टानं घालून घेतली. पैसे भरायच्या आधी एक रकाना: 'तू कुणाचा?' इकडे नाव नंतर विचारतात, आधी हे विचारतात. तिकडे महाराष्ट्रात माझ्या गावी म्हाताऱ्या 'कुणाची गं तू?' म्हणायच्या, अगदी तसंच. तो रकाना भरल्याशिवाय दुकान पुढं जाऊ द्यायचं नाही. लोक लिहायचे, गर्टीचा थोरला, दीपगृहवाल्यांची नात. ओहायोच्या एका बाईनं नुसतं टिंब दिलं होतं. त्यावरून मेल्विनानं आठवडाभर डोकं खाजवलं. "टिंबांचं घराणं कुठलं गं? किनाऱ्यावर तर कुणी नाही."

गेल्या वर्षी नाताळाच्या तोंडावर बरण्या हॉलमध्येच राहिल्या. ओळखीच्यांनी घेऊन झालं होतं. परके लोक दुकानात यायचे, टोपली भरायचे आणि पैसे न देताच निघून जायचे. मेल्विनानं हात पुसत सांगून टाकलं, "शुक्रवारी नाताळचं टपाल सुटतं. तोवर हे हललं नाही, तर पातेली चर्चला परत. पुढच्या वर्षी नाही."

चौघींतली एफी ढवळता ढवळता थांबली. "आणि मी काय करू? परत खिडकीपुढं बसू?"

मी मनातल्या मनात देवाला सांगितलं, बाबा, हिला खिडकीपुढं नको बसवूस.

दुसऱ्या दिवशी एफीच्या मुलाचा, चेसचा फोन आला. तो अल्बर्टात तेलाच्या खाणीवर कामाला आहे. "मेल्विना मावशी, कामाच्या बसमध्ये बसलोय, कार्ड राहिलं खोलीवर. इथं सगळे फोनमधल्या पाकिटातून पैसे देतात. अंगठा टेकवला की झालं. तुझ्या दुकानात ते का नाही? बसमधली सगळी पोरं माझ्या मानेवर बसलीत जॅमसाठी."

त्या दुपारी मी गेले तेव्हा मेल्विना कणकेचे गोळे तळत होती, वर काकवी. सेल्बी चष्मा नाकावर ओढून दुकानाच्या आतल्या पानांत शिरला होता. पाकिटाच्या नावापुढं खूण केली, बँकेची माहिती पुन्हा भरली, मंजुरीची वाट बघत दोन गोळे खाल्ले. शेवटी बटण उमटलं.

"बघ हं," म्हणाला. स्वतःच्या बायकोची एक बरणी टोपलीत टाकली आणि फोनवर अंगठा ठेवला. फोन म्हणाला, एक रकाना रिकामा आहे.

"मग भर की! तू कुणाचा ते लिही," मेल्विना.

"अगं, या वाटेनं तो रकाना लागतच नाही. पाकीट नाव-पत्ता स्वतःच देतं आणि सरळ गल्ल्यावर येतं. आणि रकाना भरलेला नाही म्हणून गल्ला पैसे घेत नाही. तुझा रकाना आडवा झोपलाय."

"मग पाकिटाला शिकव."

"पाकिटाला शिकवू? चाळीस वर्षं तुलाच शिकवतोय, कुठं काय झालं? काढून टाक तो रकाना. लोक त्याच्यापाशीच परत फिरतात."

"नाव ना गाव, आणि घरातली बरणी द्यायची? मी काय पेट्रोल पंप आहे?" तिनं झारा असा आपटला की तेल उडालं.

मला राहवलं नाही. "मेल्विना, मी पहिल्यांदा आले त्या दिवशी किती बर्फ होता, आठवतं? मी मूर्खासारखी दार वाजवत उभी होते."

"आठवतं ना. म्हटलं, ही कोण पोलीस आली."

"तू विचारलंस, कुणाची गं तू? पण कधी विचारलंस?"

"आत आल्यावर. चहा दिल्यावर. आधी कसं विचारीन? गारठली असतीस की."

कढईतला गोळा करपला तरी तिचं लक्ष नाही. मग सेल्बीच्या खांद्यावर पिठाचा हात मारून म्हणाली, "एवढे दिवस मी लोकांना बर्फात उभं केलं रे! हलव तो रकाना. पैसे दिल्यावर आभाराचं पान येतं ना, तिथं ठेव. ज्याला भरायचा तो भरेल. आणि वर लिही: बस, किटली ठेवलीय."

सेल्बीनं रकाना हलवून पुन्हा अंगठा टेकवला, या वेळी पैसे गेले. संध्याकाळपर्यंत चेसची सगळी बस दुकानात येऊन गेली. मग कुठल्या कुठल्या गावची परकी माणसं आली. आणि गंमत म्हणजे, सक्ती गेली तसं लोक भरभरून लिहायला लागले. एकानं लिहिलं, 'माझ्या मांजराचा.' टिंबवाली बाईही परत आली. तिनं लिहिलं होतं, 'मी अनाथाश्रमात वाढले. कुणाची ते मला ठाऊक नाही, म्हणून मागे टिंब दिलं.'

मेल्विनानं डोळे पुसले आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत उत्तर टाइप केलं. 'मग आमची. आता दार वाजवू नकोस.'

शुक्रवारी टपालाची गाडी हॉलच्या दारात उभी राहिली, आणि आम्ही पेटी पेटी हातोहात बाहेर काढली. मागून एफी ओरडत होती, "पातेल्यांना हात लावायचा नाही! ती इथंच राहणार!"

शेवटची पेटी बघून सेल्बी म्हणाला, "ही राहू दे. ही मीच घेतलेली, बटण तपासताना."

"दे इकडं," मेल्विना म्हणाली. "गिऱ्हाईक आहेस ना? सगळ्यांसारखी टपालानंच येईल."

गाडी आमच्याच रस्त्यानं त्याची बरणी घेऊन दूर शहरातल्या मोठ्या टपालघरात गेली. नाताळच्या आदल्या दिवशी बरणी परत त्याच्या दारात आली. पेटीवर मेल्विनानं त्याचं रकान्यातलं उत्तर ठळक अक्षरांत लिहून चिकटवलं होतं: 'मेल्विनाचा. दुसरं कोण ठेवून घेणार?'