मक्याखालचा खिमा

कणीस किसायचं असतं, दाणे काढून मिक्सरला लावायचे नसतात, हे मला चिली देशातल्या एका बाईने शिकवलं, आणि तेही माझ्या हातावर चापट मारून. मी चाळिशीची असते तर उलट बोलले असते. सत्तावीस वर्षांची होते, आणि हक्काने चापट मारणारं माणूस मला अमेरिकेत दुसरं कोणी नव्हतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझा नवरा ॲन आर्बरला पीएचडी करत होता आणि आम्ही विद्यापीठाच्या फॅमिली हाउसिंगमध्ये राहत होतो. माझा व्हिसा असा, की नवऱ्याने शिकायचं आणि बायकोने भिंती बघायच्या. नागपुरात मी तीन वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. इथे मी बसचं टाइमटेबल पाठ करायचे, कुठे जायचं नसताना.

ही बाई आमच्या खालच्याच घरात राहायची. मुलगी शिकत होती म्हणून नातवाला सांभाळायला आलेली. पासष्टीची असेल. पहिली भेट लाँड्री रूममध्ये झाली, माझा एक सॉक्स तिच्या चादरीत गेला म्हणून. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि माझं इंग्रजी पुस्तकातलं, तोंडातून निघायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती वर आली, माझ्या स्वयंपाकघरात शिरली, मसाल्याचा डबा उघडून जिऱ्यात बोटं घातली, वास घेतला आणि छातीवर हात ठेवला. मग काय, जमलंच. मी तिला मावशी म्हणायला लागले. ती मला मिहिता म्हणायची, म्हणजे पोरी.

तिच्याकडचा हा पदार्थ, पास्तेल दे चोक्लो. नावाला घाबरू नये. खाली भरपूर कांद्यात, जिऱ्यात शिजवलेला खिमा, त्यात मनुका. त्यावर उकडलेलं अंडं आणि काळे ऑलिव्ह. आणि या सगळ्यावर किसलेल्या मक्याची जाड साय, दुधात आणि बेझिलच्या पाल्यात घोटलेली. वरून साखर भुरभुरायची आणि मातीच्या पसरट भांड्यात ओव्हनमध्ये ठेवायचं, साखर करपून तांबडी होईपर्यंत. अमेरिकन मका तिला पसंत नव्हता. नुसतं पाणी आणि साखर, असं ती हातवाऱ्यांनी सांगायची आणि बडबडत त्यात मक्याचं पीठ घालायची.

पहिल्यांदा केलं तेव्हा तिने खिम्याचं पाकीट ओट्यावर ठेवलं आणि थांबली. डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. भारतीय लोक हे खात नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "येस. आय ईट. माय मदर कुक्स."

इतकं साधं वाक्य, पण ते मी जन्मात कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

आम्ही बौद्ध. बाबा सरकारी खात्यात क्लार्क होते आणि कॉलनीत सगळ्या जातींची घरं. रविवारी आई मोठ्याचं मटण करायची. मोठ्याचं म्हणायचं, दुसरं नाव घरातही घ्यायचं नाही. मे महिना असला तरी खिडक्या बंद. सोमवारी शाळेत कोणी विचारलं काल काय केलं होतं, तर वांगं. मी इतकी वांगी सांगितली, की माझ्या मैत्रिणी मला वांगी म्हणायच्या. आता हसू येतं, तेव्हा येत नसे.

आणि ॲन आर्बरलाही ती वांगी सुटली नाहीत. तिथल्या मराठी मंडळींचं महिन्यातून एकदा पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असायचं आणि त्या सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या एक काकू होत्या, पुण्याच्या. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. माझ्याकडे धड कोट नव्हता, तर आपला कोट आणून दिला. बर्फात कसं चालायचं ते हाताला धरून शिकवलं. पण विचारायच्या. तुम्ही नागपूरचे म्हणजे मूळचे कुठले? तुमच्याकडे महालक्ष्म्या बसतात का? मी म्हणायचे, सासूबाई करतात सगळं. सासूबाई रोज सकाळी पंचशील म्हणायच्या. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, ती अमेरिकेत कोणाच्याही घरात असते. दुसरा फोटो आम्ही बेडरूममध्ये लावला होता.

नवरा म्हणायचा, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण कुठे खोटं बोलतोय? सरळ विचारलं तर सांगू की."

"आणि सरळ विचारलंच तर?"

"तर सांगू यार. घाबरते कशाला?"

दोन वर्षं अशी गेली. तिकडे पॉटलकमध्ये मी वांगी, आणि खाली मावशीकडे मी माझ्या आईची मुलगी. मावशीकडे मी पोटभर जेवायचे, भांडं पुसून खायचे, आणि ती माझ्या पाठीवर थोपटायची.

मग तिच्या मुलीचं शिक्षण संपलं. मंगळवारी ते परत जाणार होते. आधीच्या शनिवारी मावशीने ठरवलं, शेवटचं पास्तेल माझ्या घरी करायचं. त्यांचं सामान बांधून झालं होतं. आपलं मातीचं भांडं तेवढं तिने बाहेर ठेवलं होतं. नवरा लॅबमधून सातला येणार, तिची मुलगी आणि नातू तेव्हाच वर येणार, आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं. आम्ही दुपारभर बसून वीस कणसं किसली. माझ्या बोटांची सालं निघाली. ती मध्येच काहीतरी स्पॅनिशमध्ये लांबलचक बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायचे. मी तिला सांगत होते, तू गेलीस की मी काय करू. मराठीतच सांगत होते, म्हणून जमलं.

साडेपाचला पास्तेल ओव्हनमध्ये गेलं. आणि पावणेसहाला दार वाजलं. काकू होत्या. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एका मुलाला ताप होता, त्याला डबा द्यायला आल्या होत्या.

"म्हटलं, आलेच आहे तर तुझ्याकडे चहा घेऊ. अगं, काय वास सुटलाय! जिरं ना?"

बोलत बोलत त्या आत स्वयंपाकघरात आल्याच. मावशी तिथे एप्रन बांधून उभी. माझी मैत्रीण आली म्हणून तिला कोण आनंद. कढईत चमचाभर खिमा उरला होता, तो चमच्यात घेऊन तिने काकूंपुढे धरला. माझ्याकडे बोट केलं, म्हणजे हिने केलाय. आणि डोक्यावर दोन बोटांची शिंगं करून दाखवली.

काकू एक पाऊल मागे सरल्या. त्या चिकन खायच्या, मटण खायच्या, थँक्सगिव्हिंगला टर्की खायच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बीफ आहे का गं हे? तुम्ही खाता?"

घ्या. विचारलं सरळ.

मी म्हटलं, "शी!"

आणि नाक मुरडलं. नुसतं मुरडलं नाही, तोंड वाकडं करून मान फिरवली. ते तोंड मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ते कॉलनीत समोरून इतक्या वेळा पाहिलं होतं की हुबेहूब जमलं. "आम्ही कसले खातोय काकू. हिचं सामान बांधलंय, म्हणून आमचा ओव्हन मागितला. मला तर वासाने मळमळायला लागलंय. पण शेजारी आहे, नाही कसं म्हणणार?"

"अगं, भिडेखातर इतकं सोसू नये माणसाने. सरळ सांगून टाकावं," काकू म्हणाल्या. "आणि नंतर ओव्हन स्वच्छ धुऊन घे."

मावशीला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. चमचा हातात तसाच. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने चमचा सिंकमध्ये ठेवला, ओव्हन बंद केला, माझ्याच दोन टॉवेलांत ते भांडं धरून बाहेर काढलं. वरची साखर अजून पांढरीच होती. तिचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून दार मी उघडलं. ती हळूहळू पायऱ्या उतरली. मी दार लावलं आणि काकूंसाठी चहा टाकला, आलं घालून. अर्धा तास त्या बसल्या.

त्या गेल्या आणि मी खाली धावले. मावशी कॉटवर बसली होती, मुलगी शेजारी. भांडं टेबलावर, कोणी हात लावलेला नाही. मी काही बोलायच्या आत मुलगीच इंग्रजीत बोलायला लागली. आई खूप रडली म्हणाली. आईला आज कळलं की तुमच्या धर्मात हे चालत नाही आणि तू दोन वर्षं फक्त तिचं मन मोडू नये म्हणून खात होतीस. तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं, पण तू स्वभावाने गरीब, तुला नाही म्हणता आलं नसणार. आपण हिच्याकडून पाप करवलं, असं ती सारखं म्हणते आहे.

मावशी उठली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "पेर्दोन, मिहिता." माफ कर, पोरी.

मुलगी चांगली शिकलेली, इंग्रजी उत्तम. पाच मिनिटांत सगळं सांगता आलं असतं. माझी आई खिडक्या लावून हेच रांधते, मला हे मनापासून आवडतं, तुझ्या हातचं तर जास्तच. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. मी न खाणारी असेन, तर ते तोंड माझ्या धर्माचं. मी खाणारी असेन, तर ते तोंड माझं. मला ते माझं करून घ्यायचं नव्हतं. इतका वेळ मी काकूंना भीत होते असं समजत होते. कसलं काय.

मी म्हटलं, "इट्स ओके."

म्हणजे मी तिला माफ केलं. रात्री नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघांनीच जेवून घेतलं. दोन दिवस मी खाली गेले नाही. लाँड्री होती, डोकं दुखत होतं, कारणं काय, मागाल तितकी.

मंगळवारी सकाळी मावशी मुलीला घेऊन वर आली. हातात एक लहानसं काचेचं भांडं. वर मक्याची तांबूस साय, साखर छान करपलेली. "सिन कार्ने," ती म्हणाली. मांस नाही. खिम्याच्या जागी बटाटा घातला होता. मुलीने सांगितलं, भांडं नवीन आहे, काल बसने जाऊन विकत आणलं. चमचासुद्धा नवीन आहे. आपल्या घरात मांस शिजलेलं कुठलंही भांडं आईने तुझ्यासाठी वापरू दिलं नाही.

माझ्या आजोबांना गावातल्या हॉटेलात चहा वेगळ्या कपात मिळायचा. तो कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा आणि पिऊन झाला की त्यांनीच धुऊन परत टांगायचा. त्यांची नात इतक्या लांब आली, आणि एका म्हाताऱ्या बाईला आपल्यासाठी वेगळं भांडं आणायला लावलं.

मी घास घेईपर्यंत ती हलेना. मी उभ्या उभ्या तिच्यासमोर घास घेतला.

"रिको?" तिने विचारलं. छान झालंय ना?

मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते हाताने पुसलं. तिला वाटलं, ती चालली म्हणून मी रडते आहे. तेही खरंच होतं.