करडीच्या पांढऱ्या पेटीतलं हवामान

मंडळी, आधी एक विनंती. जेवायला बसला असाल तर हे पान बाजूला ठेवा. जेवून झालं असेल तर अर्धा तास थांबा. नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत!

भूत, चकवा, करणी... या गोष्टी सांगणारी माणसं मला फार आवडतात, पण त्यांच्या एका अक्षरावर माझा कधी विश्वास बसला नाही. घाबरणं माझ्या अंगातच नाही. मला येते ती किळस. लहानपणी चहात साय दिसली तरी मी अंगणात पळायचो. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात अंगावर काटा वगैरे काही नाही. मळमळ आहे. भरपूर.

जागा अगदी नेमकी सांगतो. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, गाव करडी. गावाच्या एका अंगाला तलाव, खाली धानाची बांधी. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाटबंधारे खात्याची चौकी, आणि चौकीशेजारी कुंपणात चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी. साधारण देव्हाऱ्याएवढी. चारही बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या फटी, म्हणजे हवा खेळावी पण ऊन लागू नये. आत तापमापक. रोज सकाळी साडेआठला ती पेटी उघडायची, पारा बघायचा, रजिस्टरात आकडा लिहायचा, हे माझ्या दामोदरमामांचं काम. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मामा-मामींनीच मला वाढवलं. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, गावातल्याच शाळेत मास्तर.

१९७८ चा पोळा. बैल सजवून उभे होते आणि मामा पाळीवरून धावत आले. मूठ उघडली तर तळहातावर पांढरा भुरका.

मामी म्हणाल्या, "दही सांडवून आनलं का?"

"दही कायचं वं! पेटीत पडून होतं. हात लावून पाय, कसं थंडगार हाये!"

मामींनी बोट लावलं, हुंगलं आणि पदराला पुसलं. "मेल्या मेंढराचा वास येऊन राहिला. फेका आधी."

तिथून सुरू झालं. बाहेर करडीचं हवामान आणि पेटीच्या आत... कुठलं, देव जाणे! दसऱ्याला झडपांवर बोटभर बर्फ. त्या बर्फात तपकिरी, ओशट केसांचे पुंजके अडकलेले. कुठल्या जनावराचे ते कळेना, पण वास असा, की ओलं घोंगडं, मूत आणि खवट तेल एकत्र शिजवावं. डिसेंबरात भर दुपारी बारा वाजता पेटी उघडली तर आत काळोख. सावली म्हणत नाही मी — काळोख! बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि मामा टॉर्च लावून पारा बघताहेत. जानेवारीत पारा गोळीत जाऊन बसला आणि आकडेच संपले. एका सकाळी मामांच्या दोन्ही हातांत सामान होतं म्हणून त्यांनी पेटीची कडी दातांनी उघडायला पाहिली. खालचा ओठ लोखंडाला चिकटला. मामांनी झटका मारून तोंड सोडवलं, पण ओठाचं सालडं कडीवरच राहिलं. थेट एप्रिलपर्यंत होतं! रोज सकाळी तेच बाजूला सारून पेटी उघडायची. मार्चमध्ये आत असा पांढरा उजेड, की बघवेना. फटींतून असं वारं, की मामांचं धोतर फडफडायचं. आणि बाजूचं आंब्याचं पान मात्र हलत नव्हतं.

मामांनी वरिष्ठांना कळवलं नाही. "माह्या डोक्यावर परिणाम झाला मनतीन," एवढंच म्हणाले. रजिस्टरात पुढून ते शोभतील असे आकडे लिहीत आणि मागच्या पानांवर खरे. मी दोन्ही वाचायचो. एप्रिलपासून खरे आकडे हळूहळू वर चढत होते, हे मला दिसत होतं. मी सांगितलंही.

"मामा, गरम होऊन राहिलं बरं आत."

"तू पोट्ट्याईले पाढे शिकव. हवामान मले शिकवू नको."

मामांच्या लेखी ती पेटी आता कायमची गार झाली होती. एप्रिलच्या उन्हात गाव भाजत होतं आणि मामा पितळेचा गडवा पेटीत ठेवून बर्फ काढत होते. त्या बर्फाचं सरबत त्यांनी मला पाजलं. त्यात केस होता.

आता मुद्द्यावर येतो. मला आंधळगावची कमल हवी होती.

दोनदा पाहिली होती, एकदा मंडईत आणि एकदा त्यांच्याच घरी. दुसऱ्या वेळी तिनं पोह्यांची ताटली पुढे केली, मी त्यातली कढीपत्त्याची पानं एकेक करून बाजूला काढली आणि ती फस्सकन हसली. झालं, मी संपलो. तिच्या वडिलांनी, माधोरावांनी, होकार जवळजवळ दिलाच होता. फक्त मुलाच्या घरी पंगत बसायची, पानावर बोलणी पक्की व्हायची, एवढंच उरलं होतं. माधोराव मासोळीचे अट्टल खवय्ये. त्यांचा निरोप स्पष्ट होता, "करडीच्या तलावाची मासोळी नसन तं मी पानावर बसत नाई."

आमच्या तलावात मोठं जाळं वर्षातून एकदाच पडायचं, मे महिन्यात पाणी उतरलं की. डोमाजी नावाच्या जुन्या ढिवरानं, म्हणजे कोळ्यानं, त्यातून सात टपोरे रोहू आमच्यासाठी वेगळे काढले. मासे घरात आले, मसाला वाटला, आणि आंधळगावहून माणूस धावत आला. माधोरावांचे चुलते वारले. सुतक. तेरा दिवस पंगत नाही!

मामी म्हणाल्या, "मासोळ्या वाटून टाका शेजारी."

मामा हसले. ते हसू मला अजून आठवतं. "काहून वाटाच्या? पेटी कायले हाये?"

आणि त्या माणसानं सरकारी तापमापक खिळ्यावरून काढून चौकीत ठेवला, आणि सातही रोहू न कापता, न धुता, पेटीत रचले! संध्याकाळपर्यंत ते लाकडासारखे कडक झाले. मामा रोज जाऊन त्यांच्यावर नख वाजवून यायचे. टक टक. शेवटचे चार-पाच दिवस मात्र पंगतीच्या धावपळीत पेटी उघडायची राहून गेली.

तेरवी झाली, जून उजाडला, पंगतीचा दिवस ठरला. त्या सकाळी टोपली घेऊन मी, मामा आणि मामी पाळीवर गेलो. पेटीपासून वीस पावलांवर मामींनी नाकाला पदर लावला. दहा पावलांवर मी उलटी केली. पेटीच्या खालच्या फटीतून काहीतरी पिवळट, तार धरणारं असं गळत होतं आणि जमिनीवर त्याचं डबकं साचलं होतं. मामांनी कडी काढली.

आधी डास बाहेर आले. डास म्हणजे आपले चार-दोन नव्हेत — लाट! मोठाले, सुस्त, राखाडी. ते मामांच्या तोंडात गेले, नाकात गेले. मामा थुंकले, तर थुंकीत डास. मग वास आला. आपल्याकडे डबकं आटतं तेव्हाचा वास तुम्हाला माहीत असेल. हा त्याचा आजोबा होता. हजारो वर्षं बंद ठेवलेलं काहीतरी नुकतंच वितळलंय असा, आंबट, गोडसर, जिभेवर बसणारा. रोहूंचे डोळे विरघळले होते, अंगावर बुळबुळीत साय आली होती. हो, सायच!

मामींनी मोजले. "आठ हायेत."

आठवा मासा रोहू नव्हता. लालसर, हातभर लांब, जबडा पोपटाच्या चोचीसारखा खाली वाकलेला, त्यात दात. पाठीवर पांढऱ्या बुरशीचे चट्टे, शेपटी झिजून आतले काटे उघडे पडलेले, आणि बुरशीखालून मांस लोंबत होतं. डोमाजी जवळच जाळं वाळवत होता, त्याला बोलावलं. त्यानं एकदा पाहिलं आणि कान पकडले. "बापा, मी साठ वर्साचा झालो. हे जात आपली नाई."

"याले काहाडून फेका," मामा म्हणाले, "बाकीच्याईले हळद-मीठ लावून धुवा. तिखट जास्त टाकजो वं. झाकते."

"मी चुलीवर चढवत नाई!"

"मंग पोट्ट्याचं लगन मोडन! तेच पायजे का तुले?"

मामी गप्प. आणि मी सांगतो तुम्हाला, लाज वाटते, पण मीही गप्प. कमलच्या हसण्यापुढे मला ती साय, तो वास, सगळं चालणार होतं... माधोरावांच्या पोटात जाणार असेल तर! टोपली भरली, आठवा मासाही त्याच घाईत टोपलीत गेला, आणि समोरून पाहुण्यांची रेंगी, हलकी बैलगाडी, आली. माधोराव घरी न जाता थेट पाळीवर उतरले. खवय्या माणूस, कच्ची मासोळी बघितल्याशिवाय राहवेना.

"काय मास्तर! दाखवा तं आमची मासोळी." नाक दोनदा उडलं त्यांचं. "वास कायचा होय हा?"

"मसाल्याचा," मामा म्हणाले.

माधोरावांनी ताजेपणा बघायला नेहमीच्या सवयीनं कल्ल्यात बोट घातलं. नेमकं त्या आठव्याच्या. तो मेलेला, कुजलेला, बुरशी आलेला मासा वळला आणि त्यानं माधोरावांची करंगळीशेजारची अनामिका चावली! दातांत धरून तो लटकला. माधोराव ओरडत हात झटकत होते आणि माशाच्या अंगाचे तुकडे आमच्या कपड्यांवर उडत होते. एक माझ्या ओठावर बसला. चव सांगू? नको.

शेवटी मासा सुटून टोपलीत पडला. माधोराव बोट धरून कण्हत होते, मामा म्हणत होते, "बाकी सात एकदम चांगल्या हायेत," आणि तो वेडा खवय्या खरंच त्या सातांकडे बघून विचार करत होता! तेव्हा मला राहवलं नाही.

"माधोराव, हे खाऊ नका. तेरा दिवसांच्या सडलेल्या हायेत. आमाले माहीत होतं." आणि टोपली उचलून मी तलावात रिकामी केली. सात रोहू तरंगले. आठवा शेपटीच्या उघड्या काट्यांनी पाणी कापत निघून गेला.

माधोराव मामांकडे बघत म्हणाले, "सडकी मासोळी पाव्हन्याले खाऊ घालनार होते तुमी? या घरात मी मांजर नाई देनार, पोरगी त दूरच." रेंगी वळली. पुढे वर्षभर मामी मामांशी धड बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून पेटीतला पारा त्रेचाळीस, बाहेर त्रेचाळीस. पेटी बरी झाली होती.

पोळ्यानंतर चार दिवसांनी माधोराव आमच्या दारात एकटे उभे. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला.

"मास्तर, तुमाले काही माहीत असन तं सांगा. डॉक्टरले समजून नाई राहिलं."

उपरणं सोडलं. बाकीचा हात घामेजलेला, आणि अनामिकेवर पांढरा भुरका. पावसाळाभर, ते म्हणाले, बोटातून पिवळं पाणी गळत होतं, घरातले सगळे डास त्या एकाच बोटावर बसायचे, आणि कमल ताट वाढताना तोंड फिरवून म्हणायची, "बाबा, तुमचं बोट आज लयच वास मारून राहिलं." आता गळणं थांबलं आणि हे सुरू झालं.

मी आत गेलो आणि मामांचं रजिस्टर मागच्या पानांवरून उघडलं. मला तेव्हा भीती वाटायला हवी होती, नाही? मला आनंद झाला! मी गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवलं. "दसऱ्याले यावर बर्फ धरन. डिसेंबरात काळं पडन, घाबरू नका. जानेवारीत कोनत्याच लोखंडाले लावू नका, सालडं राहीन. मार्चात पांढरं फटक होईन."

दसऱ्याला बर्फ धरला. डिसेंबरात बोट कोळशासारखं काळं पडलं. जानेवारीत त्यांनी माझं ऐकलं नाही, पंपाच्या दांड्याला हात लावला. आणि फेब्रुवारीत निरोप आला. "पुढचं काय होईन हे ज्याले समजते, तो मानूस घरात पायजे." फाल्गुनात माझं आणि कमलचं लग्न झालं. माधोरावांनी त्याच बोटानं मला कुंकू लावलं. ते लावताक्षणी कडक झालं आणि टिकलीसारखं गळून माझ्या मांडीवर पडलं.

पुढे, ८३-८४ साली असेल, लाखनीला हायवेवरच्या एका दुकानात रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं. अलास्काच्या पार उत्तरेकडचं एक निर्मनुष्य राखीव जंगल, त्याच्या बारा महिन्यांच्या हवामानावर लेख. ऑगस्टअखेर पहिला बर्फ, डिसेंबरात दिवस नाही, जानेवारीत उणे चाळीस, जूनमध्ये बर्फ वितळणं आणि डासांची लाट. मामांची मागची पानंच कोणी छापली आहेत असं वाटलं. शेवटी एका माशाचा फोटो होता. लाल अंग, वाकडा जबडा. मी दुकानातच ओकलो.

त्या जंगलाचा करडीशी संबंध काय? ते एका पेटीत का यावं, तिथून एका म्हाताऱ्याच्या बोटात का जावं? भूगोलाच्या प्राध्यापकांना विचारलं, ते हसले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रक्ताभिसरण म्हटलं, पण रक्ताभिसरणाला डास लागत नाहीत. मला आजही काही सांगता येत नाही.

माधोराव ८७ ला गेले. तोवर दर जूनमध्ये ते लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला यायचे. बोट ओलं, पिवळं, गळणारं. आणि जावयावर जीव फार! पंगतीत माझ्या शेजारी बसून स्वतःच्या हातानं माझ्या भातात वरण कालवून द्यायचे. "घ्या ना जावाईबापू, अजून थोडंसं." समोर कमल बसलेली, डोळे मोठे करून माझ्याकडे बघणारी.

असे सात जून मी तो भात खाल्ला. शेवटच्या शितापर्यंत.