कुसुमला मी उचलून नेत होतो

"ब्लीडिंग कब से है?" डॉक्टरबाईंनी माझ्या बायकोला, कुसुमला, विचारलं.

"यही आठ-दस दिन," मी उत्तर दिलं.

स्ट्रेचरवरून कुसुम हळूच म्हणाली, "दिवाळीपासून." तेव्हा होळी होऊन गेली होती.

त्या क्षणी मला माझी चूक कळली असं लिहिता आलं तर बरं वाटलं असतं. पण मला तिचाच राग आला होता.

गर्भाशयात फायब्रॉइड निघाला. म्हणजे मांसाची गाठ, कॅन्सरची नव्हे. पण इतके महिने रक्त गेल्याने हिमोग्लोबिन बाराच्या जागी चारवर आलं होतं. रक्तातला हा घटक शरीराला प्राणवायू पोचवतो. तो कमी झाला की हृदयाला दुप्पट राबावं लागतं. कुसुमचं हृदय थकलं होतं. "पहले खून चढ़ेगा, फिर ऑपरेशन," बाई म्हणाल्या. "और देर करते तो मेरे हाथ में कुछ नहीं रहता."

कुसुमला लहानपणी पोलिओ झाला होता. कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायच्या लोखंडी पट्ट्या, लावून ती मरोद्याच्या कारखाना-वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये सगळं करायची. संध्याकाळी ओसरीत मुलांना गणित शिकवायची. फक्त जिना चढता येत नसे, आणि दवाखान्यात बायकांची तपासणी वरच्या मजल्यावर होती.

दिवाळीच्या सुमारास अशक्तपणा वाटतो म्हणाली, तेव्हा मी तिला उचलून वर नेलं. वाटेत शेजारच्या क्वार्टरांच्या लाइनीतले एक ओळखीचे भेटले. "क्या भाईसाहब, दूसरी बार फेरे ले रहे हो क्या?" जिन्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. कॅलिपरच्या बकलात अडकून तिचं लुगडं गुडघ्यावर गेलं होतं. माझे दोन्ही हात गुंतलेले, तिचे माझ्या गळ्यात. तसेच आम्ही वर पोचलो.

आत तेव्हाच्या डॉक्टरांनी प्रश्न मला विचारले आणि उत्तरंही मीच दिली. "पैर बचपन से ऐसे ही हैं, बाकी कुछ नहीं." ताकदीच्या गोळ्या मिळाल्या.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मी काय सिमेंटची बोरी आहो का? मी नाही येत आता त्या जिन्यानं."

"उचलतो मी, तुले काय त्रास?" मी म्हणालो. उचलून नेतो याचा मला अभिमान होता. नातेवाईक कौतुक करत, तेही आवडायचं.

वॉर्डात रक्ताची बाटली लागलेली असताना मी तिला विचारलं, "मले सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं असतं तं तुमी उचललं असतं."

माझी नोकरी कारखान्याच्या सेफ्टी विभागात होती. कुणी पडला की तपास माझ्याकडे यायचा. "आदमी लापरवाह था," असं फोरमन म्हणाला की मी त्याला गप्प करायचो. आधी जमीन दाखव, तेल सांडलंय का, कठडा आहे का. माणसाला दोष देण्याआधी जागा पाहायची, ही आमची रीत. गॅस सिलिंडरच्या ट्रॉलीसाठी पायरीवर उतार मीच करून घेतला होता. घरी मात्र मला फक्त कुसुमचे पाय दिसले. जिना दिसलाच नाही.

ऑपरेशन निभावलं. हृदय पूर्ववत झालं नाही. चार वाक्यं बोलली की दम लागायचा, म्हणून शिकवणी बंद झाली. ओसरीतला फळा तिने स्वतःच उतरवायला सांगितला.

टाके तपासायच्या दिवशी मी एकटाच वर गेलो आणि डॉक्टरबाईंना बिचकत विचारलं, खाली येऊन तपासाल का?

"हाँ, ड्रेसिंग रूम में देख लूँगी. पहले किसी ने कहा क्यों नहीं?"

एवढंच होतं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर उचलायला धावू नका. आधी त्या माणसाला विचारा, मग दवाखान्याला विचारा. दिवाळीत मी दोन्ही केलं नाही.

खाली बाईंनी विचारलं, "कैसी तकलीफ है?" माझं तोंड सवयीने उघडलं आणि मी ते मिटलं. कुसुम थांबत थांबत, दम घेत सगळं बोलली. बाईंनी ऐकून घेतलं.

बाहेर बाकावर मी तिच्या शेजारी बसलो. "कुसुम, त्या दिवशी जिन्यावर लोकं हसले, तवा मीही हसलो. तुह्या तोंडचं उत्तर मी देलं. तुले विचारलंच नाही कधी. चुकलो मी. माफ कर मले."