नऊ गोंदणं आणि व्हर्नाचं मत

व्हर्ना कॉस्टेलनिक आमच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची. सत्तावीस वर्षं तिने हेच काम केलं. मी तिथली नर्स, त्यामुळे तिची पद्धत मला पाठ झाली होती. पाण्याची ऊब आधी स्वतःच्या मनगटावर बघायची, मग समोरच्याला विचारायची, मगच फवारा सोडायचा.

आमचं गाव ईरी, त्याच नावाच्या सरोवराकाठचं. आश्रमातले निम्मे पुरुष जन्मभर खनिज वाहणाऱ्या बोटींवर राबलेले, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या अंगावर काही ना काही गोंदलेलं. नांगर, बदाम, पऱ्या, ज्यांच्याशी लग्न झालं त्या बायकांची नावं आणि ज्यांच्याशी झालं नाही त्यांचीही. लेलंड हॉगन नावाच्या जुन्या खलाशाच्या उजव्या दंडावर एक निळा डाग होता आणि डाव्या दंडावर पाकोळीचं पाखरू, काल काढल्यासारखं स्वच्छ. व्हर्नाला वाटलं, पाकोळी नंतरची असणार. लेलंड म्हणाला, दोन्ही सत्तावन्न सालच्या एकाच उन्हाळ्यातली. उजव्या हातावर पूर्ण जहाज होतं, दोरखंडांसकट, बारीक नक्षीचं. बंदरातले लोक ते बघायला गर्दी करायचे. पाकोळी एका म्हाताऱ्याने काढून दिली, जाड रेघेची, मध्ये भरपूर मोकळी कातडी सोडून. तिच्याकडे तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून व्हर्ना बघायला लागली. कुठली रेघ पसरते, कुठला रंग आधी उडतो, कोपराजवळ काय होतं, पोटावर काय होतं. चाळीस-पन्नास वर्षं मुरलेली गोंदणं रोज तिच्या हाताखालून जात होती. तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र एक ठिपकाही नव्हता.

टॅटूच्या स्पर्धेचा तो कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला तेव्हा सगळा देश वेडा झाला होता. नाव होतं ‘अमिट’. दर मंगळवारी कलाकार खऱ्या माणसांच्या अंगावर सहा तासांत गोंदायचे आणि तीन परीक्षक एकाला घरी पाठवायचे. प्रेक्षकांसाठी वेबसाइटवर मतं लिहायचं एक पान होतं. तिथे लोक मुख्यतः भांडणांवर बोलायचे. कोण रडलं, कोण मुद्दाम कुणाची शाई लपवतंय, कोणता परीक्षक विकला गेलाय. व्हर्ना बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, एका बोटाने एकेक अक्षर शोधून दोन ओळी लिहायची. ‘चेहऱ्याच्या पापण्या फार जवळजवळ आहेत. पाच वर्षांत हिचे डोळे मिटतील.’ बस, एवढंच.

लोक हसायचे. सगळ्यात जास्त हसायचा ‘राखाडी’ या नावाने लिहिणारा एक जण. ट्यूसन शहरात त्याचं स्वतःचं टॅटूचं दुकान होतं आणि त्या पानावर त्याचा शब्द म्हणजे कायदा. व्हर्नाने एकदा आपलं काम सांगितलं, तेव्हापासून त्याने तिला आंघोळवाली आजी म्हणायला सुरुवात केली. एकदा त्याने लिहिलं, “तुम्ही आयुष्यात मशीन हातात धरलेलं नाही. खिडक्या पुसणाऱ्या बाईने घराच्या बांधकामावर बोलू नये.”

व्हर्नाने उत्तर लिहिलं, “कुठली खिडकी गळते ते पुसणारीलाच माहीत असतं.”

मी तिला म्हटलं, कशाला तोंडी लागतेस त्याच्या? ती म्हणाली, मी भांडत नाहीये, मी फक्त त्याला सांगतेय.

त्या वर्षी टॅमसिन ऑयलर नावाची एक मुलगी स्पर्धेत होती. ओक्लाहोमाची, कमी बोलणारी. शेवटून दुसऱ्या भागात तिने एका ट्रकचालकाच्या हातावर बगळा गोंदला. जाड रेघ, थोडी काळी सावली, बाकी मोकळी कातडी. परीक्षक म्हणाले, रिकामं आहे, जुनाट आहे, हिने कष्टच घेतले नाहीत. तिला घरी पाठवलं. शेवटच्या भागात जिंकला ब्रँट एस्क्यू. त्याने एका माणसाच्या छातीवर त्याच्या आईचा चेहरा काढला होता, नाण्याएवढा, सुरकुत्यांसकट. फोटोत तो इतका सुंदर दिसत होता की आमच्या स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा रडल्या.

व्हर्ना रडली नाही. त्या बुधवारी ती जेवलीच नाही. शेवटच्या तीन भागांतली नऊ गोंदणं घेऊन प्रत्येकाखाली तिने लिहिलं, सहा वर्षांनी हे कसं दिसेल. नऊपैकी तीन टिकतील, सहा बिघडतील. पहिल्या क्रमांकावर बगळा. सगळ्यात शेवटी तो नाण्याएवढा चेहरा. खाली तिने आपलं खरं नाव आणि गाव लिहिलं.

पानावर नुसता धुरळा उडाला. कुणी तिला जळकी म्हटलं, कुणी टॅमसिनची मावशी. राखाडीने तिच्या यादीचं नाव ठेवलं ‘व्हर्नाची मयतयादी’, आणि ती कायम सगळ्यांत वर दिसेल अशी लावून घेतली, म्हणजे नव्या माणसालाही हसता यावं. दोन-तीन आठवड्यांनी व्हर्नाने तिथे लिहिणं बंद केलं. कार्यक्रम मात्र ती बघत राहिली. दुपारी मोठ्या खोलीत जुने भाग लागायचे, लेलंड आणि आणखी दोन-चार जण तिच्या शेजारी खुर्च्या ओढून बसायचे, आणि ती त्यांना हळू आवाजात सांगायची की हा पिवळा रंग राहणार नाही.

सहा वर्षं गेली. कार्यक्रमाची लोकप्रियता उतरायला लागली होती. काहीतरी नवं हवं म्हणून निर्मात्यांनी ठरवलं, जुन्या लोकांना परत बोलवायचं आणि त्यांच्या अंगावरचं काम आज कसं आहे ते दाखवायचं. त्यांना ती यादी आयतीच सापडली, सगळ्यांत वर लावलेली. मार्च महिन्यात आश्रमाच्या फोनवर व्हर्नाला बोलावणं आलं.

ती नाही म्हणाली. विमानात कधी बसले नाही, कपडे नाहीत, आणि शुक्रवारी चर्चच्या सामुदायिक जेवणासाठी मासे तळायची माझी पाळी आहे. मी समजावलं, तिच्या पोराबाळांनी फोन करून समजावलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी लेलंडने चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दारात आडवी लावली.

“तू खोटं लिहिलं होतंस का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग जा की. मासे कुणीही तळेल.”

लॉस एंजेलिसला तिच्याबरोबर मी गेले. तिने चर्चला घालायचा निळा स्वेटर घातला होता. स्टुडिओत दिवे इतके की घाम फुटत होता. समोर ते नऊ जण रांगेत उभे, अंगावरचा तो भाग झाकलेला. एका बाजूला परीक्षक, दुसऱ्या बाजूला जुने स्पर्धक, त्यांच्यात टॅमसिनही. पाहुण्यांत एक धिप्पाड, दाढी पिकलेला माणूस बसला होता. त्याची ओळख करून दिली तेव्हा कळलं की हाच राखाडी, खरं नाव ड्वेन लिस्क.

सूत्रधार व्हर्नाने लिहिलेली ओळ वाचायचा आणि मग तो माणूस बाही वर करायचा. पहिला गुलाब, त्याच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या. तिने तसंच लिहिलं होतं. दुसरी, बोटांवरची अक्षरं, चारपैकी दोनच उरलेली. ‘बोटावर काही टिकत नाही, बोटं काम करतात,’ ही तिची ओळ. तिसरं, चौथं, पाचवं. लोक आधी हसत होते, मग प्रत्येक बाही वर जायच्या आधी पुढे झुकायला लागले.

सातवं चुकलं. एका बाईच्या घोट्यावरचं छोटं जांभळं फूल व्हर्नाने बाद केलं होतं, आणि ते ताजंतवानं होतं. व्हर्नाने परवानगी मागून खाली बसून ते नीट पाहिलं आणि विचारलं, तुम्ही काम कुठे करता? बाई म्हणाली, शीतगृहात, वर्षभर लोकरीचे मोजे घालून.

“मग बरोबर, ऊन लागलंच नाही,” व्हर्ना उठत म्हणाली. “चूक माझीच. मोजे मी धरलेच नव्हते.”

सगळा स्टुडिओ हसला, पण हे हसणं वेगळं होतं.

आठवा तो छातीवरचा चेहरा. माणसाने शर्टाची बटणं काढली. डोळे, पापण्या, सुरकुत्या, सगळं एका करड्या डागात गेलं होतं. जिंकलेल्या ब्रँटने मान खाली घातली. व्हर्ना त्या माणसाजवळ गेली आणि फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात काहीतरी बोलली. नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, आईचं नाव काय ते विचारलं.

शेवटी ट्रकचालक आला. सहा वर्षं तो हात खिडकीबाहेर उन्हात राहिलेला, रापून तांबूस झालेला. त्यावर बगळा उभा होता. एक रेघ हललेली नव्हती. मोकळी सोडलेली कातडी पाण्यासारखी दिसत होती. टॅमसिन तोंडावर हात धरून रडायला लागली. प्रमुख परीक्षक उठला, त्याने हात जवळ घेऊन पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की त्या दिवशी आम्ही चुकीच्या माणसाला घरी पाठवलं.

मग ड्वेन लिस्क उभा राहिला. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

“बावीस वर्षं मशीन धरतोय,” तो म्हणाला. “माणूस दुकानातून बाहेर पडला की त्याचं पुढे काय होतं ते मी बघितलेलंच नाही. या बाईंनी फक्त तेच बघितलंय. बाई, मी तुम्हाला जे बोललो ते सगळं परत घेतो. मला शिकवाल का?”

व्हर्ना म्हणाली, “ईरीला या. मी नाही, माझी माणसं शिकवतील.”

तो कार्यक्रम लागला त्या मंगळवारी आमच्या मोठ्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. लेलंडने ऐकण्याचं यंत्र पूर्ण आवाजावर ठेवलं होतं. बगळा दिसला तेव्हा काठ्या, चमचे, जेवणाचे ट्रे, हाताला जे लागेल ते आपटून म्हाताऱ्यांनी खोली डोक्यावर घेतली. पाच-सहा वर्षांत मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

मे महिन्यात ड्वेन खरंच आला, बरोबर टॅमसिन आणि आणखी चार कलाकार. व्हर्नाने आधी प्रत्येक म्हाताऱ्याला विचारून ठेवलं होतं. ज्यांना नको त्यांना नको. पण हो म्हणणाऱ्यांनी सकाळपासून दाढ्या करून, बाह्या दुमडून रांग लावली होती. कलाकार वह्या घेऊन एकेकापुढे बसले. साल कुठलं, शाई कुठली, ऊन किती, वजन किती उतरलं, असं विचारत ते लिहून घेत होते, आणि मधेच व्हर्ना एखाद्या रेघेवर बोट ठेवून सांगत होती की इथे सुई खोल गेली होती.

दुपारी आश्रमातल्या विनिफ्रेड ॲशबी आपली चाकाची खुर्ची स्वतःच ढकलत आल्या. वय एक्याण्णव, चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेल्या. आम्हाला वाटलं, त्या चहा मागायला आल्या. त्यांनी ब्लाउजचं वरचं बटण काढलं आणि खांद्यावरून कापड थोडं सरकवलं. तिथे एक लाल फुलपाखरू होतं, पंख उघडलेलं, रेघ अजून स्पष्ट.

मी व्हर्नाकडे पाहिलं. अकरा वर्षं ती या बाईंना न्हाऊ घालत होती. त्याबद्दल तिने मला कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

“एकोणपन्नास साल,” विनिफ्रेडबाई ड्वेनला म्हणाल्या. “आमच्या ह्यांनाच तेवढं माहीत होतं. आता सांगा, चांगलं आहे की नाही?”

ड्वेन त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिला. मग त्याने वही उघडली आणि विचारलं, “बाई, हे कुणी काढलं होतं?”