कार्डाच्या लाइनीतून बायको

आमच्या पाऱ्यात, म्हंजे मोहल्ल्यात, सरकारी इलाजाच्या कार्डाचा कॅम्प लागला. माहा साळा सरकारवाल्या पार्टीचा, मी विरोधातला. तो म्हणे, "भाऊजी, कार्ड बनवून घ्या, फुकट इलाज होते."

"तुह्या पार्टीचं कार्ड? मरीन, पण घेणार नाही!" पानठेल्यावर मी भाषणच ठोकलं. मले सही येत नाही, पण राजकारण पुरं समजते. लोकं हसले, तसा मी अजून फुगलो. तेवढ्यात बायको कॅम्पाच्या लाइनीत दिसली. सगळ्यांसमोर तिले ओढत घरी आणलं.

काल तिनं माहा हात धरून आपल्या काखेत नेला. सुपारीएवढी गाठ लागली.

"कधीपासून आहे?"

"कॅम्पाच्या आधीपासून."

सकाळीच साळ्याचं दार वाजवलं. तो हसला, "काय भाऊजी, पार्टी बदलली काय?"

"कार्ड बनवून दे," मी म्हटलं, "तुह्या बहिणीचं."