ज्याने शिवलं त्याने बसायचं

विमान क्लबच्या गोऱ्या साहेबाने मला काट्यावर बसवलं. धान्य तोलायचा मोठा काटा. एका पारड्यात मी, दुसऱ्यात वाळूच्या गोण्या. क्लबचे सगळे सभासद खुर्च्या टाकून बघत होते. पारडी सारखी झाली तसा साहेब टाळी वाजवून म्हणाला, "बिल्कुल ठीक! ये आदमी दो बोरी है।"

मेमसाहेब हसल्या. बाळासाहेबही हसले.

ह्या हिंदी मुलखातल्या गावात बाळासाहेब आमच्यातलेच, म्हणजे मराठी बोलणारे. ब्रह्मा घाटावरच्या वैदिक घराण्यातले. वकील झालेले, क्लबचे सेक्रेटरी. माझा बाप शिंपी. मंगला गौरीच्या गल्लीत मशीन घेऊन बसायचा. बाळासाहेबांच्या घरचे कपडे तोच शिवायचा. शिवलेला कपडा ओसरीवर ठेवायचा आणि मागे सरायचं. घरातलं कुणीतरी येणार, त्यावर पाणी ओतणार, पिळणार, मगच तो आत जाणार. लहानपणापासून मी हे बघत आलो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. छावणीपलीकडच्या मैदानावर क्लबची दोन विमानं होती. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड, वर रोगण. पंख फाटला की शिवायला मी. शिवून वाळला की साहेब विमान वर नेऊन बघायचा, दोन माणसांच्या वजनानिशी. मागे तो, पुढे वजन. वजन म्हणजे मी.

वाळूची गोणी का नाही, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. साहेब म्हणाला, "जिसने सिया, वही बैठेगा।"

टाका उसवला तर शिंपीही मेला पाहिजे. हिशेब सरळ होता.

पुढच्या जागेतही विमान चालवायची दांडी असते. मी बसायच्या आधी ती काढून घेत. दांडी काढली, पण डोळे कसे काढणार? वळताना पंख किती झुकतो, उतरताना इंजिनाचा आवाज कधी पडतो, सगळं मी टिपलं. खाली आलो की वहीत लिहून काढायचो.

एक दिवस बाळासाहेबांना विचारलं, "मला विमान शिकायचंय. वाट काय?"

त्यांनी तीन सांगितल्या. क्लबचं सभासद व्हायचं, त्याला दोन सभासदांची शिफारस लागते. सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवायचा, त्याला मॅट्रिक आणि चांगल्या खानदानाचा दाखला लागतो. नाहीतर एखाद्या इंजिनियरच्या हाताखाली राबून आधी विमानाच्या मिस्त्रीचं लायसन काढायचं, पुढचं पुढे.

"मॅट्रिक आहे मी."

"आणि खानदान?" एवढं म्हणून ते चालू लागले.

तरी शिफारशीशिवायच मी क्लबचं सभासद व्हायला दरखास्त केली. इंग्रजीत, स्वतःच्या हाताने. चपरासी निरोप घेऊन आला, रविवारी कमिटीपुढे ये, नीट कपडे घालून ये. बापाने दोन दिवस बसून मला कोट शिवला. तोच कोट घालून मी काट्याच्या पारड्यात बसलो होतो.

मी खाली उतरलो. साहेबाने दरखास्त काढून मोठ्याने वाचली. 'व्यवसाय : शिंपी' इथे आला आणि थांबला. पुन्हा हशा. मग त्याने कागद टेबलावर ठेवला, त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, "पंख सूख गया। चलो, बैठो।"

माझे पाय हलले नाहीत.

"दांडी लगाइए, साहब। तब बैठूँगा।"

साहेबाने पुढच्या जागेकडे बोट रोखलं.

"बैठो!"

"नहीं बैठूँगा।"

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. तो बाळासाहेबांकडे वळला. "वकील साहब, आप बैठिए।"

बाळासाहेब उठले. पंखाजवळ गेले. माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच, आयुष्यात पहिल्यांदा मऊ आवाजात बोलले, "टाका पक्का आहे ना रे?"

आणि तिथे माझं डोकं लख्ख झालं. ह्यांच्या घरात माझ्या बापाचा टाका पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लागत नाही. आभाळात मात्र ह्यांचा जीव माझ्याच टाक्यावर लटकणार. म्हणजे विटाळ टाक्यात नव्हता. कधीच नव्हता. त्यांना फक्त आम्हाला ओसरीच्या खाली ठेवायचं होतं.

"पक्का आहे," मी म्हणालो. "पण शिंप्याच्या हातचा आहे. घरी नेऊन धुऊन घ्या, मग बसा."

बाळासाहेब बसले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. मला त्याच दिवशी हाकललं.

बाप घरी म्हणाला, "माफी माग. आपल्याला ह्याच गावात राहायचंय." मी मागितली नाही. तो माझ्याशी बोलेना.

आठ दिवसांनी चपरासी दारात. कोणा राजपुत्राने उतरताना पंख फाडला होता. लखनौहून आणवलेल्या कारागिराला शिवण जमली नव्हती. साहेबाने सगळं माफ केलंय, उद्यापासून ये.

बाप मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिला.

मी चपराशाला सांगितलं, "जाके कह दो, माफी हमने नहीं दी है।"

त्याच आठवड्यात एखाद्या विमानाच्या इंजिनियरच्या हाताखाली राबायला मी कलकत्त्याची गाडी धरली. तीन वाटांतल्या दोन त्यांच्या हातात होत्या. तिसरी घामाची होती, ती मी घेतली. मिस्त्रीचं लायसन काढीन, मग वैमानिकाचं. पाच वर्षं लागोत की पंधरा. विमान मी शिकणारच. आणि जो मला शिकवणार नाही, तो साहेब असो की ब्रह्मा घाटचा, त्याच्यासाठी हा हात सुई उचलणार नाही.