मोगलाईचा शिक्का

पृथ्वीच्या पाठीवर असा एकही देश नव्हता, की ज्याच्या दारातून आत कसं शिरावं हे आमच्या आतोबांना ठाऊक नव्हतं. आत शिरल्यावर तिथं काय पाहायचं, याच्याशी मात्र त्यांना काडीचंही कर्तव्य नव्हतं. "मनोरे काय, कोणीही पाहील. आत सोडतात का, ते आधी विचारा!" असं म्हणून ते पॅरिस निकालात काढत. सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. गिरणीतले गोरे इंजिनिअर रजेवर विलायतेला जाताना आगबोट कंपन्यांची माहितीपुस्तकं मागवत. त्यांची वाचून झाली की ती आतोबांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत जात आणि तिथून आतोबांच्या डोक्यात. कुठल्या बंदरात देवी टोचल्याचा दाखला लागतो, कुठं खिशात काड्यापेटी सापडली तर जकात बसते, कुठं टोपी काढायची आणि कुठं डोक्यावरच ठेवायची, सगळं तोंडपाठ. पाहुणा उंबऱ्यात आला की आतून आमची आत्या ओरडायची, "अवो, त्याला बसू तरी द्या की आधी! मग काढा तुमचं ते पोर्ट सैद!"

नुसते नियम पाठ असते तर आम्ही सहन केलं असतं. पण आतोबांना ते पाळायचे असत, आणि पाळायला परदेश मिळेना म्हणून बिचारे सोलापुरातच पाळत. गावाबाहेर त्यांचा हातभर मळा होता. रविवारी तिथून परतताना जकात नाक्यावर ते आपण होऊन थांबायचे, पिशवी फळीवर उपडी करायचे आणि नाकेदाराला गंभीरपणे सांगायचे, "वांगी पाच. शेंगा ओंजळभर. याखेरीज माझ्यापाशी काही नाही." नाकेदार कपाळाला हात लावून म्हणायचा, "रावसाहेब, जावा की आता. मागं गाड्या खोळंबल्यात!" पण आतोबा त्याच्याकडून "ठीक आहे" एवढे दोन शब्द वदवून घेतल्याशिवाय वांगी परत पिशवीत भरत नसत.

गावातलं कोणी खरोखरच विलायतेला निघालं, की त्याची रवानगी आधी आतोबांच्या माजघरात होई. आमच्या आळीतला एक तरुण डॉक्टर पुढच्या शिक्षणाला निघाला होता. बोट लागू नये म्हणून आतोबांनी त्याला भरपेट पुरणपोळी घालून झोपाळ्यावर बसवलं आणि आत्याला झोके द्यायला सांगितलं. हा अरबी समुद्र, हा तांबडा समुद्र, असं ओरडत ते शेजारी हातात घड्याळ धरून उभे. डॉक्टरनं सुएझच्या अलीकडेच अंगणात धाव घेतली. त्यातून सावरतो तोच काट्याचमच्याचा धडा आणि तोही कडक भाकरीवर! "कडक भाकरी काट्यानं खाणाऱ्याला साहेबाच्या टेबलावर कशाची धास्ती नाही," हे आतोबांचं शास्त्र. डॉक्टरनं काटा रोवला आणि भाकरीचा तुकडा उडून थेट देव्हाऱ्यात गेला. आत्या पदराआड हसत होती. हसेल नाहीतर काय! तिला तो धडा इतका साधला होता, की सुरीकाट्यानं अख्खी कडक भाकरी ती एक कण न सांडता संपवायची. तेव्हा आतोबा मिशीवर हात फिरवत सांगायचे, "हिला उद्या बादशहाच्या पंगतीला बसवा!"

आणि गंमत म्हणजे या दोघांकडे खरोखरीचा पासपोर्ट होता. कलेक्टर कचेरीत खेटे घालून आतोबांनी तो काढला होता आणि दर मुदतीला पुढची मुदत घालून आणत होते. दोघांचा मिळून एकच, कारण नवऱ्याच्या पासपोर्टात बायकोचं नाव घालायची तेव्हा सोय होती. एका बाजूला पगडीतले आतोबा, दुसऱ्या बाजूला नथ सावरायच्या आत फोटो निघाल्यामुळे चिडलेली आत्या. तो घेऊन दोघं एकदाच परदेशी गेली, ती तुळजापूरला. हसू नका. तुळजापूर तेव्हा मोगलाईत, म्हणजे हैदराबादच्या राज्यात होतं. राज्य निराळं, नाणं निराळं, आणि वाटेत त्यांचा नाका. सर्व्हिस मोटार नाक्यावर थांबली तसे आतोबा खाली उतरले आणि त्यांनी शिपायापुढे पासपोर्ट धरला. शिपायानं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "ये क्या है जी?" आतोबा म्हणाले, "हम दोनोंका पासपोर्ट. शिक्का मारो." "इत्ता सब नक्को जी, जाओ!" पण जातील ते आतोबा कसले! मोटारवाला भोंगा वाजवून थकला, उतारू शिव्या द्यायला लागले. शेवटी मिरचीच्या पोत्यांच्या पावत्यांवर मारायचा जांभळा शिक्का शिपायानं कोऱ्या पानावर हाणला. आत्या पुढं कितीतरी वर्षं सांगायची, "देवीचं दर्शन बी झालं, आन् परदेश बी झाला!"

अशा माणसाच्या नशिबात एक दिवस विलायत खरोखरच चालून आली. गिरणीचे शेठ नवे माग पाहायला मँचेस्टरला निघाले होते. सोबत हिशेबी, इंग्रजी जाणणारा माणूस हवा. त्यांनी आतोबांना बोलावलं. "चला आमच्याबरोबर. पासपोर्ट तर तयारच आहे तुमचा." ही बातमी मी कचेरीतून धावत आळीत आणली. मीही तिथंच धाकटा कारकून होतो. पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. अन् आतोबा नाही म्हणाले! "शेठ, नियमात बसत नाही. पासपोर्ट दोघांचा आहे. एकाला मागं ठेवून दुसऱ्याला जाता येत नाही." तिकीट तर एकाचंच होतं. आतोबांनी सांगितलेला नियम तपासून पाहायची सोलापुरात कोणाची छाती होती? शेठ हळहळले आणि आतोबांच्या जागी मला घेतलं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण जन्मभर ज्यांनी त्या दाराचे नियम पाठ केले त्यांना बाहेर ठेवून आपण आत शिरायचं, हे मनाला लागत होतं. घाई होती म्हणून माझा पासपोर्ट काढायला थेट मुंबईला गेलो, तेव्हा तिथल्या कारकुनाला सहज विचारलं. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "कोणी सांगितलं तुम्हाला? बायकोला एकटीला जाता येत नाही. नवरा खुशाल जाऊ शकतो. कितीतरी जातात!"

मी पहिल्या गाडीनं परत आलो. बोटीला अजून तीन आठवडे होते. आतोबा अजून जाऊ शकत होते! धापा टाकत घरात शिरलो तर आत्या एकटीच झोपाळ्यावर शेंगा सोलत बसली होती. मी भडाभडा सगळं सांगितलं. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "मला पयल्या दिवसापास्नं ठावं हाय रे. पासपोर्ट काढला तवाच कलेक्टर कचेरीतल्या सायबानं सांगितलं व्हतं, बाई, तुमाला एकटीला जाता यायचं न्हाई, ह्यांना येईल. घरी येईस्तवर ह्ये रस्ताभर गप. आन् उंबऱ्यात पाय ठिवला तसं म्हणले, नियम असा हाय बघ, दोघांनी मिळूनच जायचं." पुढची शेंग उचलत ती म्हणाली, "मी लई म्हणाले, जावा की तुमी. पर नियमाफुडं त्यांचं काय चालतंय? तू बोलू नगंस त्यांच्याम्होरं. जल्मात येवढा एकच नियम त्यांनी आपल्या मनानं केलाय."

इतक्यात आतोबा पिशवी घेऊन आले. वांगी कोपऱ्यात ठेवून त्यांनी विचारलं, "काय, मुंबईला अडचण नाही ना आली काही?"

"नाही आतोबा," मी म्हणालो. "आणि तुमचंही विचारलं मी. नियम तुम्ही सांगता तोच आहे."

"असणारच," असं म्हणून ते आत्याशेजारी झोपाळ्यावर टेकले आणि तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलून सोलायला लागले. माझ्याकडे काही त्यांनी पाहिलं नाही.

मी गेलो. फ्रान्सच्या मार्सेय बंदरात जकातीच्या नाक्यावर कोणी न विचारता पेटी उघडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी जाहीर केली. तिथल्या अंमलदारानं कपाळाला हात लावला, तेव्हा मला सोलापूरचा नाकेदार आठवला आणि हसू आवरेना. पुढंही पुष्कळ फिरलो. आता आतोबा नाहीत, आत्याही नाही. त्यांचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे. मुदत केव्हाच संपली आहे, आत पगडी आहे, वाकडी नथ आहे आणि एकच जांभळा शिक्का आहे. माझ्या पासपोर्टात शिक्क्यांना जागा उरलेली नाही. पण ते सगळे माझ्या एकट्याचे.